जनुकावरचे दोन घाव

शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही पेशीविभाजनावर बोलत होतो. व्याख्यान संपले, चहा आला, आणि दुसरीच्या वर्गाला शिकवणाऱ्या एक बाई मागे थांबल्या. त्यांच्या वर्गातल्या एका मुलाचा डावा डोळा कृत्रिम आहे. तो दीड वर्षाचा असताना डोळ्यात गाठ निघाली आणि डोळा काढावा लागला. मुलगा आता उत्तम आहे. धावतो, वाचतो, मारामारीही करतो. घरात मात्र शांतता नाही. ‘सुनेने ग्रहणात भाजी चिरली’ असे आजी पहिल्यापासून म्हणत होत्या. डॉक्टरांनी ‘हा जनुकातला दोष आहे’ असे सांगितल्यावर सुनेच्या माहेरी कोणाला काय झाले होते, याची चौकशी सुरू झाली. आणि आता ती पुन्हा गरोदर आहे.

बाईंनी विचारले, “सर, जनुकातला दोष म्हणजे तो आईवडिलांकडूनच आला ना? मग त्या दोघांचे डोळे चांगले कसे? आणि होणाऱ्या बाळाचे काय?”

तीनही प्रश्न नेमके होते. चहा संपेपर्यंत देता येईल तेवढे उत्तर आम्ही दिले, पण ते अपुरे होते. वर्गात आनुवंशिकता शिकवणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला कधी ना कधी असा प्रश्न येतो, म्हणून ते उत्तर येथे सविस्तर मांडत आहोत.

तीन शब्दांची गल्लत

सुरुवात शब्दांपासून करू या. जन्मजात, आनुवंशिक आणि जनुकीय हे तीन शब्द आपण एकमेकांच्या जागी सर्रास वापरतो. त्यांचे अर्थ मात्र वेगवेगळे आहेत.

जन्मजात म्हणजे जन्माच्या वेळी असलेले. त्याचे कारण काहीही असू शकते. १९४१ साली ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी दाखवून दिले की, गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकते. हा मोतीबिंदू जन्मजात आहे, पण त्यात जनुकांचा काही दोष नाही. तो विषाणूचा परिणाम आहे.

आनुवंशिक म्हणजे आईवडिलांकडून बीजांड किंवा शुक्रपेशीतून आलेले. ते जन्मतः दिसलेच पाहिजे असे नाही. हंटिंग्टनचा मज्जाविकार आनुवंशिक आहे, पण त्याची लक्षणे बहुधा तिशी-चाळिशीत दिसू लागतात.

जनुकीय म्हणजे जनुकातल्या बदलामुळे झालेले. हा बदल आईवडिलांकडून आलेला असू शकतो; जन्मानंतर शरीरातल्या एखाद्याच पेशीत झालेलाही असू शकतो. सर्व कर्करोग या अर्थाने जनुकीय आहेत, कारण पेशीतली जनुके बिघडल्याशिवाय ती बेबंद वाढू लागत नाही. परंतु त्यांतले थोडेच आनुवंशिक आहेत. अमेरिकेत कर्करोग झालेल्या १,१२० मुलांची जनुके तपासून २०१५ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ९५ मुलांत, म्हणजे शेकडा साडेआठ मुलांत, कर्करोगाकडे नेणारा बदल शरीरातल्या सर्व पेशींत होता. बाकीच्या बहुसंख्य मुलांत तसा बदल सापडला नाही.

बाईंच्या वर्गातल्या मुलाला झालेल्या आजाराचे वैशिष्ट्य असे, की तोच आजार काही मुलांत आनुवंशिक असतो आणि काही मुलांत नसतो. हे असे का, या प्रश्नाच्या उत्तरातून कर्करोगाविषयीची एक मूलभूत कल्पना जन्माला आली.

डोळ्यातली गाठ

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला दृष्टिपटल असते. कॅमेऱ्यातल्या फिल्मचे काम ते करते. गर्भात आणि जन्मानंतर थोडा काळ ते घडत असते, तेव्हा त्याच्या अपक्व पेशी विभागत असतात. त्यांतली एखादी पेशी थांबायचे विसरली तर गाठ तयार होते. या गाठीला रेटिनोब्लास्टोमा म्हणतात. साधारण १५ ते २० हजार मुलांमागे एकाला ती होते. बहुतेक सर्व मुलांत निदान पाचव्या वर्षाच्या आत होते, कारण दृष्टिपटल एकदा पक्व झाले की त्यातल्या पेशी विभागत नाहीत आणि धोक्याचा काळ संपतो.

या आजारात दोन गोष्टी पूर्वीपासून डॉक्टरांच्या लक्षात आल्या होत्या. काही मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होतात, आणि एकेका डोळ्यात एकाहून अधिकही होतात. अशा मुलांचे निदान लवकर, साधारण पहिल्या वर्षाच्या आसपास होते. उरलेल्या मुलांच्या एकाच डोळ्यात, बहुधा एकच गाठ होते आणि ती उशिरा, साधारण दोन वर्षांच्या आसपास लक्षात येते.

तिसरी गोष्ट लक्षात यायला आधी रुग्ण जगावे लागले. १८७२ साली ब्राझीलमधील नेत्रतज्ज्ञ हिलारियो दे गौवेया यांनी एका मुलाचा गाठ झालेला डोळा काढला. मुलगा वाचला. मोठा झाला, त्याचे लग्न झाले, मुले झाली. त्याच्या दोन मुलींना तोच आजार झाला, तोही दोन्ही डोळ्यांत. मेंडेलचा वाटाण्यावरचा निबंध तेव्हा १८६६ पासून छापून पडला होता, पण १९०० सालापर्यंत त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. तरीही हा आजार पित्याकडून अपत्याकडे जाऊ शकतो, हे एका डॉक्टरने एकाच कुटुंबाकडे लक्ष ठेवून टिपले होते.

पुढे अशी अनेक कुटुंबे सापडली. पण त्याचबरोबर हेही दिसले की दहापैकी नऊ रुग्णांच्या घराण्यात हा आजार कोणालाही झालेला नसतो. मग आनुवंशिक म्हणायचे की नाही?

अठ्ठेचाळीस मुले आणि एक आलेख

हे कोडे आल्फ्रेड नुडसन यांनी सोडवले. ते बालरोगतज्ज्ञ होते आणि जनुकशास्त्राचेही अभ्यासक होते. १९७१ साली त्यांनी अमेरिकेतील ह्यूस्टन येथील एका कर्करोग रुग्णालयातल्या ४८ मुलांच्या नोंदी तपासल्या. २३ मुलांच्या दोन्ही डोळ्यांत गाठी होत्या, २५ मुलांच्या एका डोळ्यात. त्यांच्याजवळ नवे उपकरण नव्हते, नवा प्रयोगही नव्हता. त्यांनी आलेख काढला.

आडव्या अक्षावर वय महिन्यांत. उभ्या अक्षावर, त्या वयापर्यंत निदान न झालेली मुले किती उरली, त्याचे प्रमाण. तेही लॉगरिदमच्या मोजपट्टीवर. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या मुलांचा आलेख जवळजवळ सरळ रेषेत उतरत गेला. एका डोळ्यात गाठ असलेल्या मुलांचा आलेख मात्र सुरुवातीला सपाट राहिला आणि मग वाकून खाली आला.

किरणोत्साराचा ऱ्हास शिकवणाऱ्या शिक्षकांना पहिली रेषा ओळखीची वाटेल. दर ठरावीक काळात उरलेल्यांचा ठरावीक हिस्सा कमी होतो, तेव्हा अशी रेषा मिळते. म्हणजे एकच यादृच्छिक घटना घडायची असते. ती कोणाच्या वाट्याला आज येते, कोणाच्या उद्या. वाकलेली रेषा मिळते ती एकापाठोपाठ दोन घटना घडाव्या लागतात तेव्हा.

नुडसन यांचा निष्कर्ष असा होता. गाठ होण्यासाठी दोन्ही गटांत पेशीला दोन घाव बसावे लागतात. पहिल्या गटातली मुले एक घाव जन्मतःच सोबत घेऊन येतात. त्यांना आणखी एकच पुरतो. दुसऱ्या गटात दोन्ही घाव जन्मानंतर, किंवा गर्भावस्थेत दृष्टिपटल घडत असताना, एकाच पेशीवर बसावे लागतात.

वर्गात करून पाहा

ही कल्पना फाशांनी छान समजते. वर्गाचे दोन गट करा. प्रत्येक विद्यार्थ्याला एक फासा द्या. पहिल्या गटातल्या विद्यार्थ्याला एकदा सहा पडला की तो ‘बाद’. दुसऱ्या गटातला विद्यार्थी दुसऱ्यांदा सहा पडल्यावर बाद. प्रत्येक फेरीनंतर दोन्ही गटांत किती विद्यार्थी उरले ते फळ्यावर लिहा.

पहिल्या गटात दर फेरीला सुमारे एक षष्ठांश विद्यार्थी गळतात. सरासरीने विद्यार्थी सहाव्या फेरीला बाद होतो. दुसऱ्या गटात पहिल्या फेरीत कोणीच बाद होऊ शकत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतही क्वचितच कोणी होतो. सरासरी येते बाराव्या फेरीची. सुरुवातीचा सपाट भाग येथे डोळ्यांना दिसतो.

आता दुसरा खेळ. प्रत्येकाने १८ वेळा फासे टाकायचे. पहिल्या गटाजवळ एक फासा, आणि सहा पडला की एक गुण. दुसऱ्या गटाजवळ दोन फासे, आणि दोन्हींवर एकदम सहा पडला तरच गुण. पहिल्या गटात प्रत्येकाला सरासरी तीन गुण मिळतील. एकही गुण न मिळणारे शंभरात चारच असतील. दुसऱ्या गटात दहापैकी सहा जण कोरेच राहतील आणि ज्यांना गुण मिळेल त्यांतल्या बहुतेकांना एकच मिळेल.

नुडसन यांनी केलेला हिशेब याला फार जवळचा आहे. ज्या मुलांना पहिला घाव वारशाने मिळाला आहे, त्यांना सरासरी तीन गाठी होतात असे त्यांना आढळले. तीन गाठी दोन डोळ्यांत विखुरल्या की बहुतेकदा दोन्ही डोळे सापडतात. कधी तिन्ही एकाच बाजूला पडतात. आणि शंभरात पाच-एक मुले दैवाने सुटतात. त्यांना एकही गाठ होत नाही. घाव त्यांच्याही जनुकात असतो आणि तो ती पुढच्या पिढीला देऊ शकतात.

फाशाला सहाऐवजी दहा लाख बाजू आहेत असे समजले की खरी परिस्थिती लक्षात येते. दृष्टिपटलात पेशी लाखोंनी असतात, म्हणून एकच घाव पुरत असेल तर तो कुठल्या ना कुठल्या पेशीवर बसतोच. एकाच पेशीवर दोन घाव बसणे मात्र अतिशय दुर्मिळ. म्हणूनच ज्याला वारसा नाही अशा मुलाला ही गाठ हजारो मुलांत एखाद्यालाच, एकाच डोळ्यात, आणि उशिरा होते. तीनही निरीक्षणांचा उलगडा एका कल्पनेने झाला.

घाव कशावर?

आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. म्हणून जवळजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची आणि एक वडिलांकडची. दोन घाव म्हणजे एकाच जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी होणे, असे डेव्हिड कमिंग्ज यांनी १९७३ साली सुचवले.

तोपर्यंत अनेकांची समजूत अशी होती की कर्करोग म्हणजे पेशीत एखाद्या वाईट शक्तीचा शिरकाव. पण १९६९ साली इंग्लंडमध्ये हेन्री हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्करोगाची पेशी आणि निरोगी पेशी यांचा संयोग घडवून आणला, तेव्हा त्या जोडपेशीची गाठ निर्माण करण्याची क्षमता दबली. म्हणजे निरोगी पेशीजवळ असे काहीतरी होते, जे कर्करोगाच्या पेशीने गमावले होते.

ते ‘काहीतरी’ कोठे आहे याचा सुगावा काही रुग्णांच्या गुणसूत्रांनी दिला. त्यांच्या १३व्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा गळालेला होता. १९८३ साली वेब्स्टर कॅव्हेनी आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचे रक्त आणि त्यांचीच गाठ यांतले डीएनए शेजारी ठेवून तपासले. रक्तात १३व्या गुणसूत्राच्या आईकडच्या आणि वडिलांकडच्या अशा दोन्ही खुणा दिसत होत्या. अनेक गाठींत मात्र एकच उरली होती. दुसरा घाव कसा बसतो, हे प्रत्यक्ष दिसले. चांगली प्रतच पेशीविभाजनाच्या गोंधळात हरवते. १९८६ साली हे जनुक वेगळे करण्यात यश आले. त्याला आरबी-१ म्हणतात.

हे जनुक करते काय? पेशीने विभागावे की थांबावे, याच्या नाक्यावर आरबी-१ पासून बनलेले प्रथिन पहारा देते. डीएनएची नक्कल सुरू करणाऱ्या प्रथिनांना ते धरून ठेवते. योग्य संदेश आला की ते पकड सोडते, पेशी विभागते, आणि पुन्हा पहारा बसतो. गाडीच्या दोन ब्रेकपैकी एक निकामी झाला तरी गाडी दुसऱ्यावर थांबते. दोन्ही गेले की उतारावर तिला कोणी अडवू शकत नाही. अशा जनुकांना गाठरोधक जनुके म्हणतात. आरबी-१ हे सापडलेले पहिले गाठरोधक जनुक. पुढे मोठ्या माणसांच्या अनेक कर्करोगांतही त्याचा पहारा उठलेला आढळला.

येथे पाठ्यपुस्तकातली एक व्याख्या जरा ताणली जाते, ती विद्यार्थ्यांना जरूर दाखवावी. वंशावळीत हा आजार प्रभावी गुणासारखा दिसतो; एका पालकाकडून एकच सदोष प्रत आली तरी मूल बहुधा आजारी पडते. पेशीच्या पातळीवर मात्र तो अप्रभावी आहे. एक चांगली प्रत असेपर्यंत पेशी नीट वागते. दोन्ही विधाने खरी आहेत, कारण लाखो पेशींतल्या एखादीची दुसरी प्रत जाणारच, हे जवळजवळ ठरलेले असते.

जन्मजात व्यंग आणि गाठ

दोन घावांची कल्पना आणखी एका कोड्याला लागू पडली. मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या एका गाठीला विल्म्स यांचे नाव आहे. १९६४ साली अमेरिकेतील रॉबर्ट मिलर आणि सहकाऱ्यांनी अशा ४४० मुलांच्या नोंदी चाळल्या. त्यांतली सहा मुले डोळ्यांत कनीनिका, म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, नसतानाच जन्माला आली होती. हे व्यंग इतके विरळा आहे, की ४४० मुलांत एकही सापडण्याची अपेक्षा नव्हती. डोळ्यातला पडदा आणि पोटातली गाठ, यांचा संबंध काय?

उत्तर ११व्या गुणसूत्रावर मिळाले. पडदा घडवणारे एक जनुक आणि मूत्रपिंड घडवणारे एक जनुक तेथे शेजारी आहेत. या मुलांत तो सगळा तुकडाच गळालेला असतो. पडद्याच्या जनुकाची एकच प्रत उरली तर पडदा नीट घडत नाही, म्हणून व्यंग जन्मतःच दिसते. मूत्रपिंडाच्या जनुकाची एक प्रत गेली म्हणजे पहिला घाव बसला. दुसरा मूत्रपिंडातल्या एखाद्या पेशीवर पुढे कधीतरी बसू शकतो.

हे ज्ञान कामाचे आहे. कनीनिका नसलेले बाळ जन्मले आणि तपासणीत दोन्ही जनुके गळालेली आढळली, तर बाळ साधारण सात वर्षांचे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी पोटाची सोनोग्राफी करतात. गाठ झालीच तर ती लहान असतानाच सापडते.

डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत २१व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते. त्यांना रक्ताचा कर्करोग होण्याची शक्यता इतर मुलांच्या दहा ते वीस पट असते. त्यांचा हा जादा गुणसूत्राचा दोष जन्मजात आहे, जनुकीय आहे, पण बहुतेक वेळा आनुवंशिक नाही. बीजांड किंवा शुक्रपेशी तयार होताना तो नव्यानेच घडतो.

मग दोष कोणाचा?

आता बाईंच्या पहिल्या प्रश्नाकडे येऊ. आईवडिलांचे डोळे चांगले असताना मुलाला हा आजार कसा झाला? तीन शक्यता आहेत.

पहिली आणि सर्वांत मोठी शक्यता अशी, की दोन्ही घाव मुलाच्याच एका पेशीवर बसले. एकाच डोळ्यात गाठ असलेल्या शंभरपैकी सुमारे ८५ मुलांची गोष्ट हीच असते. त्यांच्या बाकीच्या पेशी निर्दोष असतात. अशी मुले मोठी होऊन हा आजार पुढे देत नाहीत.

दुसरी शक्यता अशी, की पहिला घाव ज्या बीजांडातून किंवा शुक्रपेशीतून मूल झाले, त्या एकाच पेशीत नव्याने बसला. आईवडिलांच्या इतर पेशींत तो नसतो. डीएनएची नक्कल करताना पेशीकडून चुका होतातच. प्रत्येक बालक साठ-सत्तर नवे बदल घेऊन जन्मते. तुम्ही-आम्हीही तसेच जन्मलो. त्यांतले बहुतेक निरुपद्रवी ठिकाणी पडतात. क्वचित एखादा आरबी-१ वर पडतो. दोन्ही डोळ्यांत गाठी असलेल्या बहुतेक मुलांच्या घराण्यात आजाराचा इतिहास नसतो, तो यामुळेच. येथे एक गोष्ट मुद्दाम सांगितली पाहिजे. आरबी-१ मधला असा नवा बदल बहुतांश वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडतो. पुरुषाच्या शरीरात शुक्रपेशी आयुष्यभर तयार होत राहतात, नकला जास्त होतात, म्हणून चुकाही जास्त. याचा अर्थ बापाचा अपराध असा नव्हे. नक्कल करणाऱ्या यंत्रणेची चूक हा कोणाचाच अपराध नसतो. पण सुनेच्या माहेरची चौकशी करणाऱ्यांनी हे ऐकायला हवे.

तिसरी शक्यता अशी, की आई किंवा वडील हा घाव बाळगून आहेत आणि स्वतः सुटले आहेत. लहानपणी एखादी गाठ होऊन आपोआप विरलेलीही असू शकते. तिचा वण नेत्रतज्ज्ञांना दिसतो. म्हणून मुलाला आजार झाला की आईवडिलांचेही डोळे तपासतात.

ग्रहण, भाजी, विळी यांचा या तिन्हींत कोठेही संबंध येत नाही. गरोदरपणात काय खाल्ले, कोणाचे तोंड पाहिले, याचाही नाही. आजींना हे सांगताना त्यांची टिंगल करू नये. नातवाचा डोळा गेला त्याचे कारण त्या शोधत होत्या. त्यांना कोणी खरे कारण सांगितले नव्हते.

होणाऱ्या बाळाचे काय?

हा प्रश्न आता अंदाजावर सोडावा लागत नाही. आधी आजारी मुलाचे रक्त तपासतात आणि आरबी-१ मध्ये बदल आहे का, ते पाहतात. काढलेल्या गाठीचा नमुना जपून ठेवलेला असेल तर तपासणी अधिक पक्की होते. गाठीत कोणते दोन घाव आहेत ते कळते, आणि ते रक्तात आहेत का, हे नेमके शोधता येते.

मुलाच्या रक्तात बदल नसेल तर भावंडाची चिंता बहुतांशी मिटते. बदल असेल तर तोच आईवडिलांच्या रक्तात शोधतात. दोघांतही नसेल तर पुढच्या बाळाला धोका फार कमी असतो, पण शून्य नसतो. कारण आई किंवा वडील यांच्या फक्त काही जननपेशींत तो असू शकतो. त्यामुळे बाळ जन्मल्यावर त्याची तपासणी करावी. एका पालकात बदल सापडला तर प्रत्येक बाळाला तो मिळण्याची शक्यता निम्मी, नाणेफेकीइतकी.

तपासणी शक्यच झाली नाही तर? तरी बाळाचे डोळे पहिल्या काही आठवड्यांत नेत्रतज्ज्ञांनी बाहुली मोठी करून पाहावेत आणि त्यांनी सांगितलेल्या अंतराने पुन्हा पुन्हा पाहत राहावे. गाठ अगदी लहान असताना सापडली तर लेसरने, गोठवून किंवा औषधांनी ती नष्ट करून डोळा आणि दृष्टी दोन्ही वाचवता येतात.

आणि तो मुलगा मोठा झाल्यावर? रक्ताची तपासणी झालेली नाही असे धरले, तर एकाच डोळ्यात गाठ असलेल्या शंभर मुलांपैकी १५ जणांच्या सर्व पेशींत घाव असतो. त्यांतल्या निम्म्या अपत्यांना तो मिळेल. म्हणजे अपत्याला घाव मिळण्याची शक्यता शेकडा सात-आठ. तपासणी केली की हा आकडा जवळपास शून्य होतो किंवा पन्नास. हे त्याला लग्नाच्या वयात कळायला हवे. ज्यांच्या सर्व पेशींत घाव आहे, त्यांना पुढे हाडांचे आणि इतर काही कर्करोग होण्याचा धोकाही जास्त असतो. क्ष-किरणांच्या उपचारांनी तो वाढतो, म्हणून लहान मुलांत ते आता शक्यतो टाळतात. हाडाचे दुखणे अंगावर काढायचे नाही, हे अशा मुलाने आयुष्यभर लक्षात ठेवायचे असते.

शिक्षकाच्या हातात काय आहे?

या आजाराचे सर्वांत महत्त्वाचे लक्षण कोणालाही दिसू शकते. विशिष्ट कोनातून प्रकाश पडला की मुलाची बाहुली काळी न दिसता पांढरट चमकते, मांजराच्या डोळ्यासारखी. फ्लॅश वापरून काढलेल्या फोटोत एक बाहुली लाल आणि दुसरी पांढरी दिसते. दुसरे लक्षण म्हणजे नव्याने आलेला तिरळेपणा. ‘तिरळेपणा भाग्याचा’, ‘मोठेपणी जाईल’ असे म्हणून दिवस घालवू नयेत. पांढऱ्या बाहुलीला मोतीबिंदूसारखी इतर कारणेही असतात, पण त्यांतले एकही थांबण्याजोगे नाही. मुलाला त्याच आठवड्यात नेत्रतज्ज्ञांकडे न्यावे.

भारतात दर वर्षी सुमारे दीड हजार मुलांना हा आजार होतो असा अंदाज आहे. श्रीमंत देशांत शंभरातली ९५ हून अधिक मुले वाचतात. गरीब देशांत हे प्रमाण खाली येते, त्याचे मोठे कारण उशीर हे आहे. गाठ डोळ्याबाहेर पडली की उपचार अवघड होतात. शाळेत येणारी मुले बहुधा या वयाच्या पुढे गेलेली असतात, पण त्यांची धाकटी भावंडे कडेवर बसून शाळेच्या फाटकाशी येतात. अंगणवाडीही बहुधा शेजारीच असते. पालकसभेत पाच मिनिटे या विषयाला दिली तर ती वाया जाणार नाहीत.

आम्ही हे सारे थोडक्यात लिहून बाईंना पत्राने कळवले. दोन महिन्यांनी त्यांचे उत्तर आले. त्यांनी मुलाच्या आईला, आणि मुद्दाम आजींनाही, शाळेत बोलावले होते. दोन फासे टेबलावर ठेवून त्या दोघींना खेळायला लावले. आजींना दोन्ही फाशांवर सहा पडेपर्यंत बराच वेळ लागला. मग बाई म्हणाल्या, “आजी, हे असे पडले. कोणी पाडले नाही.” आजी काही बोलल्या नाहीत. पण जिल्ह्याच्या रुग्णालयात मुलाच्या रक्ततपासणीची चौकशी करायला सुनेबरोबर त्याच गेल्या, असे बाईंनी लिहिले होते.